माझा पेसमेकर आणि शाळेची प्रयोगवही

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात १९७९ च्या एस.एस.सी. बॅचतर्फे केलेले भाषण)



आयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि "काहीतरी हलकंफुलकं बोल" असं बजावलंय. प्रयत्न करतो. पण गेल्या वर्षभरात आपल्या ग्रुपवर मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न हलकाफुलका नाही. "तुझ्या मशीनचा नक्की काय झाला होता रे?" प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगून कंटाळा आला. आज सगळे एकाच हॉलमध्ये सापडलायत, तर एकदाच सांगून टाकतो.

ज्यांची गाठ चाळीस वर्षांनी पडतेय त्यांच्यासाठी सांगतो. मी मालवणातच राहिलो. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरचे पंप, पंखे, मिक्सर आणि ट्रॉलरचे स्टार्टर, डायनॅमो. एक जून ते एकतीस जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बोटवाले सगळं सामान माझ्याकडे आणून टाकतात आणि नारळी पौर्णिमा जवळ आली की "झाला काय?" म्हणून दारात उभे राहतात. सांगायचा मुद्दा, माझं सगळं आयुष्य वायर, करंट आणि लूज कॉन्टॅक्ट यांच्यात गेलं.

२०१४ साली, एक्कावन्नाव्या वर्षी, मी दुकानातच कोसळलो. नाडी मोजली तर मिनिटाला चौतीस. डॉक्टर म्हणाले, पूर्ण हार्ट ब्लॉक. हृदयाच्या वरच्या कप्प्यात ठोक्याचा संदेश तयार होतो, तो मधल्या वाटेने खालच्या कप्प्यांकडे जातो आणि ते आकुंचन पावून रक्त ढकलतात. माझा संदेश तयार होत होता, पण वाटेतच अडत होता. मेन स्विच चालू, बल्ब चांगला, मधली वायर तुटलेली. खालचे कप्पे आपल्या बुद्धीने चौतीस ठोके देत होते, म्हणून मी जिवंत होतो. मुंबईला नेऊन दोन वायरींचा पेसमेकर बसवला. एक वायर वरच्या कप्प्यात, एक खालच्या. यंत्र काड्यापेटीहून लहान, डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत.

इथे एक गंमत आहे. मी डावखुरा. पण मराठी शाळेत पहिलीत गुरुजींनी पट्टी मारून मारून मला उजव्या हाताने लिहायला लावलं. त्यामुळे सही उजव्या हाताने, आणि हातोडी, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर सगळं डाव्या हाताने. पेसमेकर बहुतेकांना डाव्या बाजूलाच बसवतात. डावखुऱ्या माणसाला उजवीकडे बसवायचा विचार करतात, पण त्यासाठी माणूस डावखुरा आहे हे कळायला हवं. संमतीपत्रावर मी उजव्या हाताने सही केली आणि मला काही सांगायचं सुचलं नाही. त्या वेळी सुचण्यासारखी अवस्थाही नव्हती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आठ वर्षं उत्तम गेली. आर्क वेल्डिंग तेवढं डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं होतं, ते भाच्याकडे दिलं. मोबाइल डाव्या खिशात ठेवायचा नाही, यंत्रापासून वीतभर लांब. चुंबक छातीजवळ आणायचं नाही. माझ्या दुकानात स्पीकरची चुंबकं ढिगाने, ती सगळी एका पत्र्याच्या डब्यात बंद केली. सवय झाली. इतकी सवय झाली की २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तपासणी चुकली ती चुकलीच. पुढची दोन वर्षं मी गेलोच नाही. यात दोष कुणाचा नाही, माझा आहे.

२०२२ च्या दिवाळीच्या सुमारास मला नवीन काहीतरी व्हायला लागलं. काय, ते नीट सांगता येत नव्हतं. मध्येच डोळ्यांपुढे अंधारी यायची, दोन-तीन सेकंद, की संपलं. कधी रात्री झोपेत छातीत फडफड व्हायची, पिंजऱ्यात पाखरू अडकावं तशी. आणि संध्याकाळी पाय सुजायचे, मोज्याची खूण उमटायची.

ज्याच्या छातीत यंत्र आहे त्याला असं काही झालं की काय होतं, सांगतो. पहिली गोष्ट, कुणी ऐकून घेत नाही. आपलाच एक वर्गमित्र, समोर बसलाय, नाव घेत नाही. तो म्हणाला, "मशीन आसा मरे तुका, आता काळीज बंद पडतला कसा?" हसू नका. मलाही मनातून तेच वाटत होतं. लोकांना वाटतं पेसमेकर म्हणजे हृदयाचा विमा. तसं नाही. तो फक्त ठोका चुकू देत नाही. शिरेत गुठळी अडकून हार्ट अटॅक यायचा असेल तर पेसमेकर तो थांबवत नाही. उलट पेसमेकर चालू असला की ईसीजीची रेघ आधीच वेगळी दिसते, त्यामुळे अटॅक ओळखणं डॉक्टरांना जास्त कठीण जातं, रक्त तपासावं लागतं. छातीत दुखायला लागलं तर "मशीन आहे" म्हणून घरी बसू नका, १०८ ला फोन करा. हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

पहिल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला. म्हणाले, मशीन चालतंय, गॅस असेल. दुसऱ्या एका गावी हृदयतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी टू-डी इको केला, हृदयाचा पंप चांगला निघाला. मग चोवीस तासांचं रेकॉर्डिंग करायचं होल्टर यंत्र गळ्यात बांधलं. आता शहाणपणा ऐका. यंत्र बांधलंय म्हणून आमच्या घरच्यांनी मला दुकानात जाऊ दिलं नाही. चोवीस तास मी पडवीत आरामखुर्चीवर बसून पेपर वाचला. रिपोर्ट स्वच्छ! मोटर गरम होते अशी तक्रार घेऊन माणूस यावा आणि मी ती मोटर बंद ठेवून तपासावी, तसं झालं. माझ्या गिऱ्हाइकाला मी हे करू दिलं नसतं.

त्या डॉक्टरांनी बरोबर एक गोष्ट सांगितली होती: पेसमेकर आतून तपासून घ्या. यंत्राच्या पोटात नोंदी साठतात. बाहेरून छातीवर एक वाटीसारखा भाग ठेवून त्या कॉम्प्युटरवर वाचता येतात. पण प्रत्येक कंपनीचं वाचायचं यंत्र वेगळं, एकाचं दुसऱ्याला चालत नाही. कुठल्या कंपनीचा आहे, कार्ड आणा, म्हणाले. कार्ड कुठे होतं? १६ मे २०२१ ला तौक्ते वादळाने आमच्या माजघरावरची कौलं उडाली, कपाटात पाणी गेलं. रेशनकार्ड, दुकानाची कागदपत्रं, आणि ते कार्ड. लगदा झाला होता. तेव्हा मी रेशनकार्डाची दुसरी प्रत काढायला चार खेपा घातल्या, पेसमेकरच्या कार्डाची आठवणसुद्धा झाली नाही.

मग मी गप्प बसलो. रिपोर्ट चांगले आहेत, वय झालंय, शुगर-बीपी आहेच. वाटलं, आपल्यालाच भीती बसली असेल.

जानेवारीत एका घरी छताच्या हुकाला पंखा लावत होतो. स्टुलावर उभा, डावा हात वर. अंधारी आली आणि मी खाली. सुदैवाने खाली गादी होती, तरी कपाळाला तीन टाके पडले. त्या घरची म्हातारी आजी शुद्धीवर आल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "झिला, तू आधी पंख्याक हात लावू नको." मी पडलो आणि ती बेशुद्ध झाली होती. 

त्या रात्री झोप लागली नाही. चुकून ट्रॉलरवर असतो तर? बोटीच्या कडेला उभं राहून काम करायची मला सवय. आणि त्या रात्री, खरं सांगतो, मला आपले विज्ञानाचे सर आठवले. ते आज नाहीत. प्रयोगवही आठवते ना? उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. मी विजेच्या घंटीच्या प्रयोगात निरीक्षणाखाली लिहिलं होतं, "सेल कमजोर होता." सरांनी लाल शाईने खोडलं आणि सगळ्या वर्गासमोर विचारलं, "सेल कमजोर आहे हे तुला दिसलं का? घंटी वाजली नाही, एवढंच तुला दिसलं. ते लिही. सेल बिल ते खालच्या रकान्यात." आणि अंगठे धरायला लावले.

गेल्या तीन महिन्यांत मी डॉक्टरांना काय सांगत होतो ते मी आठवून पाहिलं. "अशक्तपणा वाटतो." "गॅसमुळे होत असेल." "चढलं की दम लागतो, वय झालं." सगळं अनुमान! निरीक्षण एकही नाही. डॉक्टरांनी माझं अनुमान मलाच परत दिलं, त्यांचा काय दोष?

नातवाची दोनशे पानी वही घेतली आणि रकाने आखले. तारीख, वेळ, काय करत होतो, शरीर कुठल्या स्थितीत, काय झालं, किती सेकंद, नाडी किती. कारणाचा रकानाच ठेवला नाही. सतरा दिवसांत अकरा नोंदी झाल्या. अठराव्या दिवशी आमच्या हिने वही वाचली. तिचं शिक्षण सातवीपर्यंत. वाचून म्हणाली, "अहो, हे सगळे डावो हात वर केल्यार झाले." खरंच. शर्ट अंगात घालताना, फळीवरचा डबा काढताना, नारळ उतरवायची काठी धरताना, पंखा लावताना. अकरापैकी नऊ वेळा. इतके दिवस तारा जोडणारा मी आणि दिसलं तिला. दुसऱ्या वाक्यात तिने निर्णय दिला: "उद्या गोव्याक जावचा. माका दुसरा काय सांगू नकात."

बायकांच्या हट्टावरून सांगतो. जगातला पहिला पेसमेकर शरीराच्या आत बसवला तो स्वीडनमध्ये स्टॉकहोमला, ८ ऑक्टोबर १९५८ ला. रुग्ण आर्ने लार्सन, वय त्रेचाळीस, दिवसातून वीस-वीस वेळा बेशुद्ध पडायचा. सर्जन ओके सेनिंग आणि इंजिनिअर रूने एल्मक्विस्ट यांच्याकडे असं यंत्र अजून तयारच नव्हतं, प्राण्यांवर प्रयोग चालले होते. लार्सनची बायको एल्से-मारी या दोघांच्या मागे लागली, आज इकडे, उद्या तिकडे, जोवर ते हो म्हणाले नाहीत तोवर. एल्मक्विस्टने सर्किट बनवलं आणि बुटाच्या पॉलिशच्या डबीचा साचा करून त्यात अ‍ॅराल्डाइट ओतून ते बंद केलं. अ‍ॅराल्डाइट! माझ्या दुकानात रोज लागतं ते. हे वाचलं त्या दिवशी मी ती ट्यूब हातात घेऊन बराच वेळ बसलो होतो. पहिलं यंत्र काही तासच चाललं, मग दुसरं बसवलं. लार्सनला आयुष्यभरात वीसहून जास्त पेसमेकर लागले. तो २००१ साली गेला, शहाऐंशीव्या वर्षी. सर्जन आणि इंजिनिअर दोघेही त्याच्या आधी गेले होते, आणि लार्सन गेला तो हृदयाने नाही, कर्करोगाने.

असो. आम्ही बांबोळीला गेलो. सिंधुदुर्गातल्या माणसाला बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज काय आहे हे वेगळं सांगायला नको. २०१८ च्या जानेवारीत तिथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं तेव्हा आपल्याकडे दोडामार्गात केवढं आंदोलन पेटलं होतं, आठवत असेल. आपली अर्धी आजारपणं त्या इमारतीत निघाली आहेत.

कार्ड नाही म्हटल्यावर तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला नाही. छातीचा एक्स-रे काढा, म्हणाल्या. पेसमेकरवर एक सांकेतिक खूण असते, ती एक्स-रेत दिसते, त्यावरून कंपनी कळते. इतकं सोपं! तीन महिने मी लगदा झालेल्या कार्डासाठी रडत होतो आणि कार्ड माझ्या छातीतच होतं.

ज्या दिवशी त्या कंपनीचा तंत्रज्ञ येतो त्या दिवशी पुन्हा बोलावलं. पोरगा पंचविशीचा. झोपवून तपासलं. बॅटरी अजून दीड वर्ष. वायरींचा विरोध मोजला, ओहममध्ये. ओहम ऐकल्यावर मला जरा घरच्यासारखं वाटलं. साडेपाचशेच्या आसपास, ठीक. तो म्हणाला, काका, सगळं नॉर्मल आहे. मी वही पुढे केली. डॉक्टरीणबाईंनी ती घेतली, उभ्या उभ्या दोन पानं वाचली आणि मला म्हणाल्या, "बसा उठून. आता डावा हात वर करा. अजून. मागे न्या, पंखा लावताना नेता तसा."

स्क्रीनवर रेघ पिसाळली. जुन्या रेडिओत स्टेशन सोडून सुई सरकली की खरखर येते ना, तसं नुसतं खरखरणं उमटलं. आणि मला अंधारी आली. बाईंनी हात खाली घेतला, रेघ शांत. परत मोजलं तेव्हा साडेपाचशेचे तीन हजारांच्या वर ओहम झाले होते.

मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. वरून इन्सुलेशन शाबूत, आतली तार वाकवणीवर तुटलेली. इस्त्रीच्या वायरचं हेच होतं, बोर्डाजवळ जिथे रोज वाकते तिथे तुटते, आणि मल्टिमीटर लावायला गेलं की नेमकी जागेवर येते. माझी खालच्या कप्प्याकडे जाणारी वायर गळपट्टीचं हाड आणि पहिली बरगडी यांच्या चिमटीत आठ वर्षं दबत होती. डावखुऱ्या माणसाचा हातोडीवाला हात!

पण खरी गोष्ट पुढे आहे, ती ऐकून माझ्या अंगावर काटा आला. पेसमेकर सारखा ठोके देत नाही. तो आधी ऐकतो. हृदयाने स्वतः ठोका दिला तर तो गप्प राहतो, नाही दिला तरच आपला देतो. तुटलेल्या तारेची दोन टोकं घासली की खरखर व्हायची, आणि यंत्राला वाटायचं हे हृदयाचेच ठोके आहेत, चांगले जोरात चाललेत, आपली गरज नाही. त्याच्या पोटातल्या नोंदीत काय लिहिलं होतं? "अतिवेगवान ठोके." तारीख, वेळ. यंत्राच्या हिशोबी माझं हृदय दोनशेच्या वर धावत होतं. प्रत्यक्षात ते त्या क्षणी थांबलेलं होतं. वहीतल्या नऊ नोंदींपैकी आठ तिथल्या नोंदींशी जुळल्या, फक्त यंत्राचं घड्याळ अठरा मिनिटं मागे होतं. म्हणजे बिचाऱ्या पेसमेकरनेही तेच केलं जे मी वहीत केलं होतं. निरीक्षण खरखर, आणि लिहून ठेवलं अनुमान.

त्यांनी मला घरी सोडलं नाही. तात्पुरतं सेटिंग बदललं, डावा हात बांधून ठेवला आणि चार दिवसांनी नवी वायर दुसऱ्या वाटेने घातली. जुनी आत तशीच आहे, टोकाला टोपी घालून. भिंतीतली बाद लाइन आपण नाही का तशीच ठेवत? उपसून काढायला जावं तर भिंत फुटते. बॅटरी थोडीच उरली होती, तेव्हा यंत्रही नवीनच बसवलं.

फडफडीचं उत्तर त्याच नोंदींत निघालं. वरच्या कप्प्याच्या वायरने लिहून ठेवलं होतं की अनेक रात्री तास-तासभर वरचा कप्पा आकुंचन न पावता नुसता थरथरत होता. त्याला एट्रिअल फिब्रिलेशन म्हणतात. तिथे रक्त साचून गुठळी होऊ शकते, ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात. मला बीपी आहे, शुगर आहे, म्हणून रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली. तारेपेक्षा हे जास्त धोक्याचं होतं, असं बाई नंतर म्हणाल्या. मी तर त्या फडफडीचा डॉक्टरांकडे नीट उल्लेखही करत नव्हतो, कारण ती रात्री व्हायची आणि सकाळी विसरायची. आणि पायांची सूज? मी तर हृदय निकामी झालं असं धरून चाललो होतो. निघालं काय, बीपीची एक गोळी. ती बदलली, सूज गेली. सगळ्यात जास्त भीती ज्याची होती, ते सगळ्यात क्षुल्लक.

आता नव्या कार्डाचे फोटो मुलाच्या, सुनेच्या, भाच्याच्या अशा तिघांच्या मोबाइलमध्ये आहेत, आणि एक झेरॉक्स दुकानात लायसन्सच्या शेजारी फ्रेम करून लावली आहे. गिऱ्हाइकं विचारतात, "ह्या कसला सर्टिफिकेट?" घरच्यांना अजून एक सांगून ठेवलंय, आज शुभ प्रसंगी बोलू नये पण बोलतो: मला अग्नी देण्याआधी यंत्र काढून घ्यायला सांगा. आत लिथियमची बॅटरी असते, चितेत फुटते. स्मशानात लोक पळायला नकोत.

हलकंफुलकं म्हणाला होतात ना, ते एवढंच.

सगळं निस्तरलं असं समजू नका. वही चालू आहे. गेल्या महिन्यापासून डाव्या कुशीवर झोपलो की छातीत एक धक्का बसतो, आतून कुणी बोटाने टिचकी मारावी तसा. चार वेळा झालं, चारही वेळा रात्री दोनच्या पुढे, उजव्या कुशीवर वळलो की बंद. हिला वाटतं मासळी पचत नाही. मी अजून काही वाटून घेतलेलं नाही. पुढच्या बुधवारी बांबोळीला तारीख आहे, वही घेऊन जाणार आहे. ज्यांना आपापल्या वह्या दाखवायच्या आहेत ते जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसा. मात्र उजव्या बाजूला बसा, डाव्या हाताला अजून जेवताना जागा लागते.